शून्य सॅकचा सम्राट : अमेरिकी फुटबॉलमधील बचावपटूंचे सन्मान कसे वाचावेत?

१/
अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची सर्वोच्च संघटना म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, अर्थात एनएफएल. हंगामात सर्वाधिक 'सॅक' करणाऱ्या बचावपटूसाठी या लीगने २०१३ साली एक पुरस्कार सुरू केला. त्याचे नाव 'डीकन जोन्स पुरस्कार'. आता प्रश्न असा, की ज्यांच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो, त्या डीकन जोन्स यांच्या खात्यावर लीगच्या अधिकृत दफ्तरात किती सॅक आहेत?

उत्तर : शून्य.

२/
ही छपाईची चूक नाही. जोन्स यांची कारकीर्द १९७४ च्या हंगामानंतर संपली आणि लीगने खेळाडूनिहाय सॅक मोजायला आरंभ केला १९८२ साली. आजचा धागा या विसंगतीतून निघालेला आहे. माझे प्रतिपादन आरंभीच मांडून ठेवणे बरे : 'वर्षातील सर्वोत्तम बचावपटू' ही सन्मानितांची यादी गुणवत्तेचा निवाडा म्हणून वाचली, तर ती आपल्याला फसवते. कोणत्या काळी, कोण, काय मोजत होते याचे ऐतिहासिक साधन म्हणून वाचली, तर ती पुष्कळ काही सांगते.

३/
खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात : दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे तो संघ आक्रमक. त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. आक्रमणाचा सूत्रधार क्वार्टरबॅक. तो चेंडू फेकतो, किंवा धावणाऱ्याच्या हाती देतो. बचावपटूंचे काम हे सारे घडू न देणे. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच मागे गाठून पाडले, की झाला 'सॅक'. फेकलेला चेंडू बचावपटूने मध्येच झेलला, की झाले 'इंटरसेप्शन'.

४/
'सॅक' या शब्दाचे श्रेयही जोन्स यांनाच दिले जाते. हा शब्द युद्धाच्या परिभाषेतून आलेला आहे : जिंकलेले शहर लुटून उद्ध्वस्त करणे. १६६४ च्या सुरतेच्या लुटीसाठी इंग्रजी इतिहासग्रंथ जो शब्द वापरतात, तोच हा. लॉस एंजेलिस रॅम्स संघाच्या ज्या चौकडीने १९६० च्या दशकात प्रतिस्पर्ध्यांची झोप उडवली, तिच्या डाव्या टोकावर जोन्स खेळत. १९६१ च्या खेळाडू-निवडीत त्यांना थेट चौदाव्या फेरीत, जवळजवळ नाइलाजाने म्हणावे अशा क्रमांकावर, घेतले गेले होते. शब्द त्यांचा, दहशत त्यांची. वहीत मात्र नोंद नाही.

५/
नोंद अजिबात नव्हती असेही नाही, आणि इथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे. क्वार्टरबॅक मागे पाडला गेल्यामुळे किती यार्डांचे नुकसान झाले, हे आक्रमक संघाच्या खात्यावर लिहिले जात असे. म्हणजे नुकसान मोजले जात होते. ते कोणी केले, हा रकाना नव्हता. वही आक्रमणाच्या बाजूने आखलेली होती. बचावपटू त्या वहीत फक्त एका अनाम आपत्तीसारखा येतो.

६/
आता सन्मानांकडे वळू. आज ज्याला प्रमाण मानतात, तो असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा 'वर्षातील सर्वोत्तम बचावपटू' पुरस्कार १९७१ च्या हंगामापासून दिला जातो. त्याआधी, १९६६ पासून, न्यूजपेपर एंटरप्राइज असोसिएशन ही संस्था असा सन्मान देत होती. १९६७ आणि १९६८ अशी दोन वर्षे तो जोन्स यांना मिळाला. युनायटेड प्रेस इंटरनॅशनलने १९७५ पासून लीगच्या दोन्ही विभागांसाठी वेगवेगळे बचावपटू निवडले. म्हणजे एकाच हंगामाच्या तीन-तीन बखरी होत्या, आणि त्या नेहमी एकमेकींशी जुळत नसत.

७/
या सर्व सन्मानांमध्ये एक गोष्ट समान : ते देणारी लीग नव्हती, वृत्तसंस्था होत्या. रविवारी संध्याकाळी सामना संपला, की रात्रीत मजकूर पाठवायचा, अशा घाईत काम करणाऱ्या पत्रकारांची ही मते. एपीच्या निवड-मंडळात पुढे ५० पत्रकार आणि समालोचक असत. २०१२ च्या फेब्रुवारीपासून लीगने स्वतःचा वार्षिक सन्मान-सोहळा सुरू केला आणि एपीचे पुरस्कार त्या मंचावरून जाहीर होऊ लागले. पत्रकारांचे मत हळूहळू राजमुद्रा लागल्यासारखे दिसू लागले.

८/
एपीचा पहिला मानकरी मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा ॲलन पेज. त्याच वर्षी, १९७१ मध्ये, तो संपूर्ण लीगचा 'सर्वाधिक मोलाचा खेळाडू'ही ठरला. एपीच्या निवडीत हा मान मिळवणारा तो पहिला बचावपटू. त्या हंगामात व्हायकिंग्जनी १४ सामन्यांत मिळून अवघे १३९ गुण दिले. परंतु पेज यांनी किती सॅक केले, याचा अधिकृत आकडा काय? तोही शून्य; कारण वर्ष १९७१.

९/
म्हणजे पत्रकारांनी त्या वर्षी निवड केली ती डोळ्यांनी पाहून. आकड्यांचा आधार नसताना केलेली ही निवड आज कोणी चुकीची म्हणत नाही. पेज पुढे खेळत असतानाच कायद्याचे शिक्षण घेत राहिले, १९७८ मध्ये पदवीधर झाले आणि १९९३ ते २०१५ या काळात मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्या न्यायासनावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुराव्याचे वजन कसे करावे, हे ज्याने आयुष्यभर केले, त्याचा स्वतःचा सर्वोच्च सन्मान असा साक्षीपुराव्यावर उभा आहे.

१०/
यानंतरचे उदाहरण याहून विलक्षण. १९८१ साली न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर आपल्या पहिल्याच हंगामात एपीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पदार्पणातच हा मान मिळवणारा दुसरा कोणी झालेला नाही. त्या वर्षीचे त्याचे सॅक साडेनऊ. पण मोजणी सुरू झाली पुढच्या वर्षी. त्यामुळे अधिकृत कारकिर्दीचा आकडा १३२.५ असा छापला जातो आणि ते साडेनऊ बाहेर राहतात. म्हणजे ज्या हंगामाने टेलर 'टेलर' झाला, तो हंगाम त्याच्या खात्यात नाही!

११/
(अर्धा सॅक कसा, असे कोणी विचारेल. दोन बचावपटूंनी मिळून क्वार्टरबॅकला पाडले, तर श्रेय निम्मे-निम्मे वाटले जाते. तोवर ज्या खेळात श्रेय लिहिलेच जात नव्हते, त्याने एकदा लिहायला घेतल्यावर अर्ध्याचाही हिशोब ठेवला.)

१२/
१९८२ नंतर काय झाले? बचावपटूच्या कामाला एक ठोस, छापता येण्याजोगा आकडा मिळाला. १९८४ मध्ये न्यूयॉर्क जेट्सच्या मार्क गॅस्टिनोने २२ सॅक केले. २००१ च्या हंगामात मायकेल स्ट्रेहानने २२.५ करून तो विक्रम मोडला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला. शेवटचा सॅक ६ जानेवारी २००२ रोजी झाला. ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह स्ट्रेहानच्या दिशेने धावत आला आणि फारसा प्रतिकार न करता जमिनीवर बसला. फार्व्हने तो बहाल केला, ही शंका तेव्हापासून आजवर त्या विक्रमाला चिकटून आहे.

१३/
माझ्या दृष्टीने त्या दृश्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी. १९७८ मध्ये डेट्रॉइट लायन्सच्या अल 'बबा' बेकरने, पदार्पणाच्या हंगामात, २३ सॅक केल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. मग २००२ च्या जानेवारीत 'इतिहासातील सर्वाधिक' असे म्हणत जो जल्लोष झाला, तो कोणत्या इतिहासातील? '१९८२ पासून' ही तळटीप गाळली, की विक्रमाचा अर्थ पालटतो. कालमर्यादा न सांगता केलेले विधान इतिहासात अर्धसत्य ठरते. खेळात त्याचा विक्रम होतो.

१४/
ही मोजणी मागे जाऊन कशी झाली, हे आपल्यासारख्यांनी जाणून घ्यावे. जॉन टर्नी आणि निक वेबस्टर या संशोधकांनी वर्षानुवर्षे संघांची जुनी दफ्तरे धुंडाळली : सामन्यातील प्रत्येक चालीची टंकलिखित नोंद, प्रशिक्षकांची टिपणे, उपलब्ध चित्रफिती. एका साधनातील नोंद दुसऱ्याशी ताडून पाहिली. २०२१ मध्ये प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळाने १९६० ते १९८१ या काळाचे त्यांचे आकडे 'अनधिकृत' या स्पष्ट शिक्क्यासह प्रसिद्ध केले. त्यांनुसार डीकन जोन्स यांचे सॅक १७३.५.

१५/
१७३.५ म्हणजे किती, हे समजण्यासाठी : अधिकृत यादीत अग्रस्थानी ब्रूस स्मिथ, २००, त्याखालोखाल रेजी व्हाइट, १९८. जोन्स तिसरे येतात. तेही १४ सामन्यांचे हंगाम असताना. स्मिथ आणि व्हाइट यांच्या काळी हंगाम १६ सामन्यांचा होता. आणि तेव्हा आजच्या मानाने चेंडू फेकण्याचे प्रमाणही कमी होते. लीगने मात्र हे आकडे अधिकृत केलेले नाहीत. तिची भूमिका एका अर्थी समजण्याजोगी आहे : साधने सर्वत्र सारख्या दर्जाची नाहीत. पण साधन अपुरे म्हणून शून्य लिहिणे, हा त्याहून मोठा दोष नव्हे काय?

१६/
इथवर प्रश्न होता न मोजलेल्या कृतीचा. खरा अवघड प्रश्न पुढे आहे. जी गोष्ट घडलीच नाही, ती मोजायची कशी?

कॉर्नरबॅक हा बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या रिसीव्हरला, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याला, सावलीसारखा चिकटून राहतो. तो जितका चांगला, तितका क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडू फेकायचे टाळतो. चेंडूच आला नाही, तर झेल नाही, इंटरसेप्शन नाही, टॅकल नाही. उत्तम कॉर्नरबॅकचा सर्वोत्तम दिवस कागदावर कोरा दिसतो.

१७/
२००९ चा हंगाम याचा नमुना. न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रीव्हिसने त्या वर्षी आंद्रे जॉन्सन, रँडी मॉस यांच्यासारख्या नामांकित रिसीव्हरांना सामन्यागणिक निष्प्रभ केले. मैदानाचा तो कोपरा इतका निर्जन झाला, की लोक त्याला 'रीव्हिस बेट' म्हणू लागले. त्या हंगामात सर्वांत कमी यार्ड आणि सर्वांत कमी गुण देणारा संघही जेट्सच. सर्वोत्तम बचावपटूचा मान मात्र ग्रीन बेच्या चार्ल्स वुडसनला गेला : ९ इंटरसेप्शन, त्यांतील ३ थेट टचडाउनमध्ये परतवलेली. रीव्हिसची इंटरसेप्शन ६.

१८/
वुडसन अपात्र होता, असे मुळीच नाही. तो असामान्य खेळला. पण या निवडीत दोन प्रकारचे पुरावे समोरासमोर आले : एकीकडे घडलेल्या नऊ घटना, दुसरीकडे न घडलेल्या असंख्य घटना. मंडळाने पहिल्याला कौल दिला. १९७१ ते २०२४ या ५४ हंगामांत एपीने हा मान केवळ ७ वेळा कॉर्नरबॅकना दिला आहे. १९९४ चा डिऑन सँडर्स आणि २०१९ चा स्टेफॉन गिलमोर यांच्या मधल्या २४ हंगामांत वुडसन हा एकटाच.

१९/
आपल्याकडच्या क्रिकेटमधून एक तुलना इथे उपयोगी पडते. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णी यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली, पृथक्करण ३२-२७-५-०. बळी एकही नाही, तरी तो पराक्रम आज शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. का? कारण क्रिकेटच्या गुणपत्रिकेत 'निर्धाव षटके' असा रकाना पूर्वीपासून आहे. न घडलेल्या धावांना तिथे जागा होती. रीव्हिसच्या खेळाच्या वहीत तशी जागाच नव्हती.

२०/
मग बचावपटूच्या मोठेपणाचा दुसरा पुरावा कुठे शोधावा? माझे उत्तर : नियमांच्या पुस्तकात. ज्या राजाविषयी स्वकीयांचे कागद गप्प असतात, त्याच्याविषयी शत्रूच्या पत्रव्यवहारातून माहिती मिळते. बचावपटूंच्या बाबतीत तसेच आहे. त्यांची खरी दखल घेतली ती त्यांना आवर घालू पाहणाऱ्यांनी. तीन उदाहरणे पाहा.

२१/
पहिले, पुन्हा डीकन जोन्स. समोरच्या खेळाडूच्या शिरस्त्राणावर कानाच्या बाजूने सणसणीत चपराक मारायची आणि तो भांबावला, की त्याला वळसा घालून क्वार्टरबॅकवर झेप घ्यायची, हे त्यांचे मुख्य अस्त्र. १९७७ मध्ये लीगने या चपराकीवर बंदी घातली. डोक्याला होणाऱ्या इजेचा विचार करता बंदी योग्यच होती. आज तर त्याविषयी दुमत नसावे. पण ती आली जोन्स निवृत्त झाल्यानंतर तीन वर्षांनी. माणूस गेला तरी त्याचे अस्त्र इतरांच्या हाती उरले होते.

२२/
दुसरे, पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लंट. १९७५ मध्ये ११ इंटरसेप्शन आणि एपीचा सर्वोत्तम बचावपटू. उंच, बलदंड ब्लंट रिसीव्हरला धावेच्या वाटेवरच धक्के देऊन रोखून धरी. १९७८ पासून नियम आला : चेंडू जिथून खेळात येतो, त्या रेषेपासून पाच यार्डांपुढे रिसीव्हरला असा धक्का देता येणार नाही. लोक आजही त्याला 'मेल ब्लंट नियम' म्हणतात. लीगला गुणसंख्या वाढवायची होती, हे कारण होतेच; पण नाव चिकटले ते ब्लंटचे.

२३/
तिसरे, ओकलंड रेडर्सचा लेस्टर हेज. १९८० मध्ये १३ इंटरसेप्शन. 'नाइट ट्रेन' लेनच्या १९५२ मधील १४ च्या विक्रमाला एकाने कमी. तोही त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. हेज हातांना आणि अंगाला 'स्टिकम' नावाचा चिकट लेप भरपूर फासत असे. १९८१ मध्ये लीगने त्या लेपावर बंदी आणली. पुरस्कार आणि मनाई यांत अंतर जेमतेम एका वर्षाचे.

२४/
या तीन प्रसंगांतून एक क्रम दिसतो. आक्रमणातील खेळाडू असामान्य ठरला, तर खेळ त्याच्याभोवती फुलवला जातो. बचावपटू असामान्य ठरला, तर खेळ त्याच्याविरुद्ध दुरुस्त केला जातो. कारण उघड आहे : प्रेक्षक आणि दूरचित्रवाणी यांना गुण हवे असतात. म्हणूनच मोलाच्या खेळाडूचा एपी सन्मान १९७१ मध्ये पेज आणि १९८६ मध्ये टेलर असा दोनदाच बचावपटूंकडे गेला. २०२४ पर्यंत तिसरे नाव नाही. २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या जे. जे. वॉटला सर्वोत्तम बचावपटू म्हणून ५० पैकी ५० मते पडली. त्याच मंडळाने मोलाचा खेळाडू निवडताना त्याला दिलेली मते १३.

२५/
कोणी म्हणेल : पुरस्कार हा पुरस्कार असतो. तो चुकला म्हणून काय आकाश कोसळते? खेळाडूला मानधन मिळाले, टाळ्या मिळाल्या. अजून काय हवे?

या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगणे आवश्यक आहे.

२६/
केन रायली. फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठात क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला तरुण. १९६९ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सनी त्याला घेतले आणि कॉर्नरबॅक केले. पंधरा हंगाम, सर्व एकाच संघात. १९८३ नंतर निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यावर ६५ इंटरसेप्शन होती; तोवरच्या इतिहासात त्याच्यापुढे फक्त तिघे. आणि प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सन्मान-सामन्यासाठी त्याची निवड किती वेळा झाली? एकदाही नाही.

२७/
इथे मोजणीचा रकाना होता, आकडाही होता; तरी सन्मान नव्हता. आणि सन्मानाला सन्मान जोडला जातो. कँटन येथील हॉल ऑफ फेमच्या निवडीत जेव्हा एखाद्याचे नाव चर्चेला येते, तेव्हा त्याच्या नावापुढे कोणते पुरस्कार लिहिले आहेत, हे पाहिले जाते. रायलींच्या नावापुढे प्रो बोलचा रकाना कोरा होता. वर्षांमागून वर्षे गेली. जून २०२० मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हॉल ऑफ फेमने त्यांना स्वीकारले २०२३ मध्ये.

२८/
योगायोग पाहा : २०२३ च्याच तुकडीत डॅरेल रीव्हिस होता. ज्याच्याकडे चेंडूच फेकला जात नव्हता तो, आणि ज्याने ६५ वेळा चेंडू हिसकावला तो, एकाच दिवशी, एकाच मंचावरून सन्मानित झाले. सर्वोत्तम बचावपटूचा एपी पुरस्कार दोघांपैकी एकालाही मिळालेला नव्हता. फरक इतकाच, की रीव्हिसच्या काळी दूरचित्रवाणीवर त्याचा प्रत्येक सामना पाहता येत होता, साक्षीदार असंख्य होते; त्याला पहिल्याच फेरीत प्रवेश मिळाला आणि तो स्वतः तेथे उभा होता. रायली नव्हते.

२९/
पुरस्कार असूनही ताटकळलेले लोक आहेत. डेन्व्हर ब्रॉन्कोजचा रँडी ग्रॅडिशार १९७८ चा सर्वोत्तम बचावपटू. संघाच्या नोंदीनुसार त्याचे टॅकल २,०४९. पण टॅकल ही लीगची अधिकृत मोजणी नव्हे. प्रत्येक संघाचे लोक आपापल्या पद्धतीने ते मोजत, त्यामुळे एवढ्या मोठ्या आकड्याकडे संशयाने पाहिले गेले. हॉल ऑफ फेमचे दार त्याच्यासाठी उघडले २०२४ मध्ये, निवृत्तीनंतर चाळीस वर्षांनी. जोन्स यांना नोंद नसल्याचा फटका बसला. ग्रॅडिशारला नोंद संघाचीच असल्याचा.

३०/
प्रामाणिकपणे माझ्या प्रतिपादनाविरुद्ध जाणारी बाजूही नोंदवायला हवी. मंडळ नेहमीच आकड्यांमागे धावले असे नाही. १९८४ मध्ये गॅस्टिनोचे २२ सॅक समोर असताना एपीने सिअॅटलच्या केनी ईझली या सेफ्टीची, म्हणजे अगदी मागच्या फळीतल्या बचावपटूची, निवड केली. १९७८ मध्ये बेकरऐवजी ग्रॅडिशार निवडला गेला. २०२४ मध्ये डेन्व्हरचा कॉर्नरबॅक पॅट्रिक सर्टेन केवळ ४ इंटरसेप्शनवर मानकरी ठरला. म्हणजे न घडलेल्या गोष्टी पाहणारे डोळे मंडळातही आहेत. माझा आक्षेप त्या डोळ्यांवर नाही. आक्षेप हा, की त्यांनी काय पाहिले ते कुठे नोंदले जात नाही.

३१/
निकालासोबत आपल्या हाती येतात ती मते आणि गुण. २०२२ च्या हंगामापासून एपीचा प्रत्येक मतदार तीन नावे क्रमाने देऊ लागला; पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १ गुण. सुधारणा चांगली आहे; दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचाही माग राहतो. पण माझी सूचना याहून साधी आहे : प्रत्येक मतदाराने आपल्या पहिल्या पसंतीची कारणे चार ओळींत लिहावीत आणि ती निकालासोबत जतन व्हावीत. न्यायमूर्ती पेज यांच्या व्यवसायात निकालपत्राला कारणमीमांसा जोडलेली असते. ज्या निवडीवर पुढे कोणाचे स्मरण अवलंबून राहते, तिलाही ती असावी.

३२/
'आता तर सर्वच मोजले जाते,' असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येणार नाही. आज खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते. कोण किती वेगाने धावला, कोण कोणापासून किती अंतरावर होता, सारे टिपले जाते. रीव्हिसच्या त्या निर्जन कोपऱ्याला आज काही प्रमाणात आकडा देता येईल. पण प्रत्येक नवा रकाना कोणीतरी ठरवून आखतो, आणि आखताना काहीतरी बाहेर ठेवतो. आज बाहेर काय राहत आहे, हे आपल्याला चाळीस वर्षांनी कळेल. एखाद्या रायलीच्या निधनानंतर.

३३/
इतिहासाच्या अभ्यासात आपण एक धडा वारंवार गिरवतो : उल्लेख नाही म्हणजे अस्तित्व नाही, असा निष्कर्ष काढू नये. जोन्स यांचे अधिकृत शून्य हे या धड्याचे इतके स्वच्छ उदाहरण आहे, की ते मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नसते. इथे शून्याचा अर्थ 'काही केले नाही' असा नाही. 'आम्ही पाहत होतो, पण लिहीत नव्हतो' असा आहे.

३४/
म्हणून पुढच्या वेळी 'इतिहासातील सर्वाधिक', 'आजवरचा सर्वोत्तम' असे शब्द कानी पडले, खेळाच्या संदर्भात असोत वा अन्य, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारावेत. मोजणी केव्हा सुरू झाली? वही कोणाच्या बाजूने आखली होती? आणि जे घडू दिले गेले नाही, त्याचा रकाना तिच्यात होता का?

धागा इथे संपला. आपल्या आवडीच्या खेळातील असा एखादा 'शून्याचा मानकरी' ठाऊक असेल, तर खाली आवर्जून लिहा. शक्य झाल्यास नोंदीच्या साधनासह.

#इतिहास #धागा #क्रीडाइतिहास